जुना गेमिंग संगणक लगेच विकू नका
विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, एवढ्यावरून कोणी तुमच्या संगणकाला भंगार ठरवले असेल, तर आधी प्रोसेसरची पिढी पाहावी. इंटेलचा प्रोसेसर आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा असूनही विंडोज ११ नकार देत असेल, तर बहुधा बायॉसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये, टीपीएम ही सुरक्षेची सोय बंद असते. निपाणीच्या माझ्या भाच्याकडे पीटीटी (इंटेलचे टीपीएम) हा एकच पर्याय सुरू केला आणि काम झाले. प्रोसेसर जुना असेल, तर विंडोज १० च्या वाढीव सुरक्षा अपडेटसाठी नोंदणी करावी. ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात. लिनक्स या मोफत प्रणालीवर स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानाच्या प्रोटॉन या सोयीमुळे विंडोजचे पुष्कळ गेम चालतात, पण व्हॅलोरंट चालत नाही, आणि पोरांना नेमके तेच हवे असते! विंडोज ७ ची साथ मात्र स्टीमने १ जानेवारी २०२४ पासून सोडली आहे, तेव्हा विंडोज ७ चे यंत्र नेट काढून डिस्कवरच्या जुन्या गेमसाठी ठेवावे. खानापूरकडच्या पावसाळ्यात ते महिनोन्‌महिने बंद पडून राहिले, तर रॅमच्या सोनेरी टोकांवर काळपट थर चढतो, जो साध्या खोडरबराने हलक्या हाताने पुसला की बहुतेक वेळा पडदा पुन्हा उजळतो.