परीक्षा दिली म्हणजे शाळा सुटली असं नाही

"मॅडम, मुलगी दहावीनंतर शाळा सोडायचं म्हणतेय." समुपदेशक म्हणून कॅलिफोर्नियातल्या मराठी आईवडिलांकडून हे मी वारंवार ऐकते. त्या राज्यात सोळा वर्षं पूर्ण झालेली किंवा दहावी संपवलेली मुलं प्रावीण्य परीक्षा देऊ शकतात. भाषा आणि गणितात पास झालं की मिळणारं प्रमाणपत्र राज्याच्या कायद्यानं हायस्कूल डिप्लोमाच्या बरोबरीचं मानलं जातं. पूर्वी या परीक्षेला 'सीएचएसपीई' (कॅलिफोर्निया हायस्कूल प्रोफिशियन्सी एक्झाम) म्हणत. २०२३ पासून तिच्या जागी 'कॅलिफोर्निया प्रोफिशियन्सी प्रोग्राम' आहे.

अन्वीचे (नाव बदललंय) बाबा पहिल्याच भेटीत म्हणाले, "जळगावहून इथवर आलो ते मुलीनं शाळा अर्धवट सोडावी म्हणून?" आईला वेगळीच काळजी, "गावी काय सांगायचं?" अन्वी खाली बघत बसलेली.

अशा वेळी मी मुलीला एकटीला समजावत बसत नाही. अडचण एका माणसाची नसते, घरातल्या बोलण्याची असते, या मतावर मी ठाम आहे. म्हणून तिघांना एकत्रच बसवते.

काही भेटी वादातच गेल्या. मग मी एक साधा नियम त्यांच्यासमोर ठेवला. पास झालं म्हणून कुणाचं नाव शाळेतून कमी होत नाही. हवं तर पुढेही शाळेत जाता येतं. अठरा वर्षांखालच्या मुलांना शाळा सोडायची तर पालकांची संमती लागतेच. म्हणजे हे दोन वेगळे निर्णय आहेत.

बाबांचे खांदे सैल पडले. अन्वीनं पहिल्यांदा मान वर केली.

"बाबा, पास मी माझी होईन. पण सोडायला तुमची सही लागेल. तेव्हा तरी माझं ऐकाल?"

"आत्ता सांग ना."

"मधल्या सुट्टीत मी रोज लायब्ररीत एकटी बसते. दोन वर्षं."

बाबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "आम्ही फक्त मार्क विचारत राहिलो."

त्यांना हे कळावं यासाठीच मी इतके दिवस थांबले होते. सल्ला मी पहिल्या भेटीतही देऊ शकले असते, पण तेव्हा तो कुणाच्या कानात शिरला नसता.

पुढचं सोपं होतं. अन्वी पास झाली, सत्र संपेपर्यंत शाळेत राहिली आणि मग बाबांनी संमती दिली. आता ती कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे पदवीची पहिली दोन वर्षं शिकवणाऱ्या सरकारी कॉलेजात आहे. तिथून साधारण साठ क्रेडिट (अभ्यासक्रमांचे गुणांक) झाले की राज्याच्या विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला प्रवेशासाठी अर्ज करता येतो.

तुमच्या घरी हा विषय निघाला, तर आधी मुलाचा शाळेतला एक दिवस सकाळपासून दुपारपर्यंत ऐकून घ्या. मग कॉलेजच्या प्रवेश कार्यालयात तिघं मिळून जा. दुसऱ्या राज्यात शिकायचं किंवा सैन्यात जायचं मनात असेल, तर तिथे हे प्रमाणपत्र चालतं का, हे आधीच विचारून घ्या. सहीचं त्यानंतर बघा.