दातात दोरा असताना कोण बोलतं?

नौपाडा, ठाणे

अगं,

परवा तू बेसिनपाशी धुतलेलेच कंगवे पुन्हा धूत उभी होतीस. खुर्चीत बाई येऊन बसल्या होत्या आणि तुझ्या तोंडून साधं ‘या’ निघत नव्हतं. मी बघत होते. बोलले नाही, कारण असे कंगवे मीही पुष्कळ धुतलेत.

आधी एक ऐक. आपल्या पार्लरच्या कामात निम्मा वेळ बोलायचंच नसतं. आयब्रो करताना दोऱ्याचं टोक तुझ्या दातात आणि क्लायंटची बोटं तिच्या पापणीवर. ‘ताणून धरा’, ‘झालं, आरसा बघा’, एवढ्यावर भागतं. लाजऱ्या मुलींसाठीच काढलंय जणू हे काम! फेशियललाही गप्प राहा. घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमधून सुटून आलेली बाई तिथे डोळे मिटायला येते. वाफ देताना ‘गरम लागतंय का?’ विचारलंस की झालं.

बोलायचं ते आधी, आणि तिथे मात्र लाजून चालणार नाही. वॅक्सच्या आधी विचारायचंच, पिंपल्सच्या गोळ्या चालू आहेत का? त्यातली आयसोट्रेटिनोइनची गोळी घेणारीची कातडी पट्टीबरोबर सोलून निघू शकते. गोळ्या बंद करून सहा महिने होईपर्यंत तिला वॅक्स करायचं नाही. चेहऱ्याला रेटिनॉलचं क्रीम लावत असेल तर अपर लिपही दोऱ्यानेच. केसांचा कलर असेल तर ४८ तास आधी कानामागे थोडासा लावून पॅच टेस्ट, आणि पूर्वी काळ्या मेंदीने कधी खाज सुटली होती का, तेही. हे विचारताना तुझा आवाज कापत नाही, मी ऐकलंय. तिथे तुला उत्तर हवं असतं ना! गोळ्यांवरून डॉक्टर निघतो, डॉक्टरवरून मुलीचं लग्न. पुढचं त्याच बोलतात, तू ‘हो का?’ म्हणत राहायचं.

मी नवीन असताना एकीला ‘काकू’ म्हटलं. ती माझ्याहून जेमतेम चार वर्षांनी मोठी निघाली. पैसे दिले, गेली, पुन्हा आली नाही. तेव्हापासून सगळ्या ‘ताई’, नाहीतर ‘मॅडम’.

‘केस किती गळलेत’, ‘टॅन झालंय बघा’ हे आपण होऊन म्हणू नकोस. काही ठिकाणी पॅकेज खपवायला हेच शिकवतात. मला ते पटत नाही. आरशासमोर बसलेल्या बाईला तिचे दोष आपण दाखवावे लागत नाहीत. आणि एकीचं दुसरीला सांगायचं नाही. नौपाड्यात शेजारच्या खुर्चीत तिची जाऊच बसलेली असायची.

क्लायंटच्या कार्डावर कलरचा शेड नंबर लिहितेस, त्याखाली एक ओळ वाढव. ‘मुलगा बारावीला.’ ‘पाडव्याच्या स्वागतयात्रेला नऊवारी.’ पुढच्या वेळी ‘पेपर कसे गेले?’ विचारायला धाडस लागत नाही, कार्ड लागतं.

शनिवारी अकराची कलरवाली तुझी. पॅच टेस्टला गुरुवारी सकाळी बोलवायचंय, फोन तूच कर. नाव सांग स्वतःचं. गेल्या वेळी जाताना त्या मला विचारत होत्या, ‘दोरा छान चालतो त्या मुलीचा, नाव काय हो तिचं?’

तुझी,
ताई