जुन्या मोटारींचा स्थानिक क्लब कसा जन्मतो आणि कशामुळे वाढतो?

आपण विचारले आहे की जुन्या, अभिजात मोटारींचे स्थानिक क्लब मुळात सुरू कसे होतात, आणि त्यांतले काही पिढ्यान्‌पिढ्या चालत असताना काही दोन-चार मेळाव्यांनंतरच का विरून जातात. अशाच एका क्लबात मी बराच काळ चिटणिसाचे काम पाहिले आहे, म्हणून या प्रश्नाविषयी मला मनापासून आस्था आहे. माझे मत असे की क्लब जन्मतो हौसेतून, पण वाढतो तो सुट्या भागांच्या आणि जपून ठेवलेल्या नोंदींच्या बळावर.

या प्रकारच्या संघटनांचे मूळ बहुधा ब्रिटनमध्ये सापडते. तेथे 14 नोव्हेंबर 1896 रोजी नवा कायदा अमलात आला, मोटारींची वेगमर्यादा ताशी 4 मैलांवरून 14 मैलांवर गेली आणि त्या आनंदात मोटारमालकांनी लंडनहून ब्रायटनपर्यंत गाड्या नेल्या. त्या प्रवासाची आठवण म्हणून 1927 मध्ये जुन्या गाड्या पुन्हा त्याच रस्त्याने धावल्या आणि या फेरीतूनच 1930 मध्ये ‘व्हेटरन कार क्लब ऑफ ग्रेट ब्रिटन’ उभा राहिला. या फेरीत 1905 पूर्वीच्याच गाड्यांना प्रवेश मिळत असल्यामुळे एखादी गाडी नेमकी कोणत्या वर्षीची हे ठरवणे भाग होते, आणि इंजिन, चॅसी (गाडीचा सांगाडा) व कागदपत्रे तपासून गाडीचे वय निश्चित करणे हे त्या क्लबाचे एक मुख्य काम होऊन बसले. मला हा तपशील फार महत्त्वाचा वाटतो, कारण मिरवणुकीसाठी एकत्र आलेली माणसे तेथे अभ्यासाला लागली, आणि अभ्यास हे वर्षभर पुरणारे काम आहे. पुढे 1934 मध्ये ब्रिटनमध्येच ‘व्हिंटेज स्पोर्ट्स-कार क्लब’ आणि 1935 मध्ये अमेरिकेत ‘अँटिक ऑटोमोबाइल क्लब ऑफ अमेरिका’ स्थापन झाला; 1966 मध्ये अशा संघटनांचा ‘फीव्हा’ हा आंतरराष्ट्रीय महासंघही अस्तित्वात आला.

स्थानिक पातळीवरचा आरंभ मात्र यापेक्षा पुष्कळ साधा असतो. एकाला डिस्ट्रिब्यूटरची, म्हणजे स्पार्क प्लगना वीज वाटून देणाऱ्या भागाची, टोपी मिळत नसते, त्याचा मिस्त्री सांगतो की तशीच गाडी आणखी एकाकडे आहे, आणि दोघांची ओळख होते. मग रविवारी सकाळी चार-पाच गाड्या एखाद्या मोकळ्या जागी उभ्या राहू लागतात, बॉनेट उघडली जातात आणि बोलणे सुरू होते. या अवस्थेत नियमावली, पदाधिकारी किंवा बोधचिन्ह यांची काहीही गरज नसते. सभासद वाढून पैशांचा व्यवहार सुरू झाला की लेखी घटना, वर्गणी, बँकेतले खाते आणि कार्यक्रमांचा विमा हे सर्व करावेच लागते.

वाढीच्या दृष्टीने पहिला कठीण निर्णय असतो तो गाडीच्या वयाचा. ‘व्हिंटेज’ या वर्गासाठी 1930 अखेरपर्यंतची मर्यादा ब्रिटनमध्ये रूढ झाली आणि ती तशीच राहिली. उलट फीव्हाच्या व्याख्येत गाडी किमान 30 वर्षांपूर्वीची असावी लागते, म्हणजे ही मर्यादा दरवर्षी पुढे सरकते. स्थिर मर्यादेमुळे क्लबाला स्पष्ट ओळख मिळते, पण त्या काळातल्या गाड्यांची संख्या वाढणे शक्य नसते. लहान गावातल्या किंवा शहरातल्या क्लबाने सरकती मर्यादा स्वीकारावी असे मी आग्रहाने सांगेन, कारण ज्या गाडीच्या मागच्या सीटवर आपले बालपण गेले, तिच्यावर माणूस सर्वांत अधिक जीव लावतो आणि ते बालपण प्रत्येक पिढीचे वेगळे असते.

यानंतर येतो तो खरा आधार, म्हणजे सुटे भाग आणि नोंदी. एखादे हेड गॅस्केट (इंजिनाच्या दोन भागांमधला सांधा बंद ठेवणारी चकती) किंवा दाराचे रबर एका गाडीपुरते बनवून घेणे परवडत नाही. पण तशाच गाडीच्या दहा-पंधरा मालकांनी मिळून नमुना दिला, तर कारखानदार साचा तयार करायला राजी होतो. व्हिटवर्थ या जुन्या ब्रिटिश मापाचे पाने, घट्ट बसलेले भाग ओढून काढणारा पुलर, व्हॉल्व्हची स्प्रिंग दाबण्याचे साधन अशी क्वचित लागणारी हत्यारे क्लबाने एकदाच घेऊन फिरती ठेवता येतात. ज्ञानाचेही तसेच आहे. पेट्रोलमधले शिसे बंद झाल्यावर अनेक जुन्या इंजिनांच्या मऊ बिडाच्या व्हॉल्व्ह सीट (व्हॉल्व्ह टेकण्याच्या जागा) झिजू लागल्या, कारण शिशाच्या संयुगाचा थर त्यांना संरक्षण देत होता. अशा इंजिनात कठीण धातूच्या सीट बसवून घेणे हा त्यावरचा टिकाऊ उपाय ठरला. इथेनॉलमिश्रित पेट्रोलमुळे जुन्या रबरी नळ्या व कार्ब्युरेटरमधली सीलही खराब होतात आणि पेट्रोल गळू लागले तर आगीचा धोका संभवतो. या गोष्टी एका सभासदाने शोधून लिहून ठेवल्या, तर बाकीच्यांची इंजिने वाचतात. म्हणून कोणत्या गाडीला कोणता भाग बसला, तो कोणी बनवला आणि पुढे कसा टिकला, याची वही ठेवणारा माणूस मला अध्यक्षापेक्षाही मोलाचा वाटतो.

क्लब फुटतात ते बहुतेक वेळा मूळपणाच्या वादावरून. गाडी कारखान्यातून आली तशीच ठेवावी, की डिस्क ब्रेक आणि नवे इंजिन बसवून ती सहज चालवण्याजोगी करावी? जुनी वाहने कशी जपावीत हे सांगणाऱ्या फीव्हाच्या ट्यूरिन सनदेत मूळ साहित्य जपण्यावर आणि केलेल्या कामाची नोंद ठेवण्यावर भर आहे, आणि माझाही कल त्याच बाजूला आहे. तरीही बदल केलेल्या गाडीच्या मालकाला दाराबाहेर ठेवू नये. स्पर्धेत दोन वर्ग करावेत आणि काढलेला मूळ भाग जपून ठेवण्याची सवय सर्वांना लावावी.

ज्यांच्याकडे गाडी नाही त्यांनाही सभासद करून घ्यावे, ही माझी सर्वांत कळकळीची सूचना आहे. ठिणगीची वेळ साधणाऱ्या पॉइंटमधले अंतर फीलर गेजने (पातळ पट्ट्यांच्या मापाने) कसे लावायचे हे शिकायला आलेला तरुण पुढे स्वतःची गाडी घेतो, किंवा वयोवृद्ध सभासदाला स्टिअरिंग जड जाऊ लागते तेव्हा त्याची गाडी चालती ठेवतो. शिवाय 1980 नंतरच्या पुष्कळ गाड्यांत इलेक्ट्रॉनिक फ्युएल इंजेक्शन आले. इंधनाचा पुरवठा नियंत्रित करणारे त्यांचे कंट्रोल युनिट दुरुस्त करण्यासाठी सर्किट समजणारी माणसे लागतील, आणि ती याच तरुणांतून मिळतील.

आपल्याकडे चार-पाच मालक जमले असतील, तर प्रत्येक गाडीचा चॅसी क्रमांक, इंजिन क्रमांक, पूर्वीचे मालक, झालेली कामे आणि छायाचित्रे यांची नोंदवही या महिन्यातच सुरू करावी. मालकाच्या पश्चात कुटुंबीयांना गाडीविषयी फारशी माहिती नसते आणि कित्येक चांगल्या गाड्या अशा वेळी भंगारात जातात. ही वही असेल, तर त्या घरच्यांना गाडीचे मोल सांगता येते आणि ती सांभाळणारा पुढचा माणूस क्लबातूनच शोधून देता येतो.