बावडी झाकू नका, पोहायला शिकवा

उन्हाळा लागला की पोहण्याबद्दल पत्रं येतात. यंदा बरीचशी इंदूर आणि आसपासच्या बावड्या (पायऱ्यांच्या विहिरी), घाट आणि नदी यांच्याबद्दल आहेत. मी समुपदेशक आहे आणि नवव्या वर्षापासून पोहते, त्यामुळे दोन्ही बाजूंनी उत्तरं देते.

ताई, मी ७१ वर्षांचा आहे, इंदूरच्या रामबागेत वाढलो. वाड्यामागच्या बावडीत आमची अख्खी गल्ली पोहायला शिकली. गेल्या वर्षी तिच्यावर सिमेंटचा स्लॅब पडला. तिथून जाताना गलबलून येतं. मुलं म्हणतात, बाबा, एका खड्ड्यासाठी एवढं काय? मी जास्तच हळवा झालोय का?

नाही, काका. माणूस गेलं की तेरा दिवस घरी लोक येतात, बोलणं होतं. जागा गेली की विचारपूस करायला कोणी येत नाही, म्हणून ते दुःख आतच राहतं. ग्लेन अल्ब्रेख्त या ऑस्ट्रेलियन तत्त्वज्ञाने यासाठी ‘सोलास्टॅल्जिया’ असा शब्द घडवला. आपण राहतो तिथेच असतो, पण भोवतालचं ओळखीचं सगळं नाहीसं होतं, त्याची ही वेदना.

मी मामाच्या मळ्यातल्या विहिरीत शिकले. पाठीला वाळका भोपळा, कमरेला दोर, दोराचं टोक मामाच्या मुठीत. तिसऱ्या दिवशी दोर कधी ढिला पडला ते कळलंच नाही. वळून पाहिलं तर मामा पायरीवर बसून शेंगा सोलत होता. आपण घाबरलेलो असताना कोणीतरी आपल्यावर लक्ष ठेवून होतं, हा अनुभव शरीरात मुरतो आणि पुढे आयुष्यभर कामी येतो. तुमच्या गल्लीतल्या किती पोरांना तो त्या बावडीने दिला असेल! मुलांना खड्डा म्हणू नका असं सांगण्यापेक्षा तुमचा पहिला मुटका, म्हणजे पाय पोटाशी घेऊन मारलेली उडी, सांगा. कोणी ढकललं, कोणी बाहेर काढलं, तेही सांगा.

त्यांची भीतीही समजून घ्या. ३० मार्च २०२३, रामनवमी. इंदूरमधल्या पटेल नगरच्या बेलेश्वर महादेव मंदिरात हवन चालू असताना जमीन खचली आणि ३६ जण गेले. ते आठवलं की आजही पोटात कालवतं. पण तिथे लोक जमिनीवर नव्हतेच, बावडीवर टाकलेल्या स्लॅबवर होते. ती बावडी उघडी असती, कठडा असता, तर तिच्यावर कोणी बसलंच नसतं. या दुर्घटनेतून ‘बावड्या बंद करा’ असा धडा घेतला गेला, तो मला साफ चुकीचा वाटतो. स्लॅबखाली पाणी असतंच, ते फक्त दिसेनासं होतं.

मी २३ वर्षांची, भंवरकुआजवळ खोली घेऊन राज्यसेवेचा अभ्यास करते. झोप लागत नाही, छाती धडधडते. मंडलेश्वरला घरी गेले आणि नर्मदेत पोहले की दोन दिवस बरं वाटतं. तरण तलावात तसं होत नाही. हे मनाचे खेळ आहेत का?

अगं, निम्मं तर शरीराचंच काम आहे. श्वास रोखून चेहरा पाण्यात घातला की नाका-डोळ्यांभोवतीच्या त्वचेतून मेंदूला इशारा जातो आणि व्हेगस मज्जातंतू हृदयाची गती उतरवतो. पाणी जितकं गार, तितका परिणाम जास्त. हे तलावातही होतं, पण तिथे तुझी नजर समोरच्या भिंतीवर आणि घड्याळावर असते. परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलीला आणखी एक मोजमाप कशाला? नदीत नजर पैलतीरापर्यंत जाते आणि हात आपली लय आपण शोधतात.

इंग्लंडमध्ये जवळपास २०,००० लोकांच्या पाहणीत (२०१९) आठवड्याला एकूण किमान १२० मिनिटं निसर्गात घालवणाऱ्यांनी आपली तब्येत आणि मन बरं असल्याचं जास्त प्रमाणात सांगितलं. मात्र निसर्गामुळेच बरं वाटलं, हे अशा पाहणीतून सिद्ध होत नाही. २०१८ मध्ये तिथल्याच एका २४ वर्षांच्या मुलीची नोंद प्रसिद्ध झाली. उघड्या गार पाण्यात नियमित पोहून तिचं नैराश्य ओसरलं आणि औषधं सुटली. पण ती एकटीची गोष्ट आहे, शिवाय डॉक्टरांच्या देखरेखीखालची. तुझी धडधड दोन आठवड्यांहून जास्त टिकली असेल तर आधी डॉक्टरकडे जा. नदी सोडू नकोस.

मुलगा १६ वर्षांचा. जुलैत मित्रांबरोबर पातालपाणीच्या धबधब्याला ‘पाण्यात उतरायला’ जायचं म्हणतोय. पाठवू का? (एक आई, महू)

नाही. बघायला जाऊ दे, उतरायला नको. चोरल नदी डोंगरातून येते. वर पाऊस पडला की लोंढा खाली अचानक पोचतो, तुमच्या डोक्यावर ऊन असलं तरी. जुलै २०११ मध्ये तिथे एक कुटुंब असंच वाहून गेलं. धबधब्याखालच्या फेसाळ पाण्यात हवा मिसळलेली असते, तिथे पट्टीचा पोहणाराही तरंगत नाही. धरणाखालच्या नदीत तर पावसाळ्याचीही गरज नाही. एप्रिल २००५ मध्ये धाराजीला भूतडी अमावास्येच्या जत्रेत वरच्या धरणातून सोडलेलं पाणी आलं आणि नर्मदेत उतरलेले ६० हून अधिक भाविक गेले.

माझी आजी म्हणायची, दुपारी विहिरीवर जाऊ नको, आसरा (पाण्यातल्या देवता) ओढतात. दुपारी मळ्यात चिटपाखरू नसतं, बुडलं तर हाक ऐकायला कोणी नाही. एकट्याने उतरायचं नाही, हा नियम आजीने असा शिकवला. मुलाला मात्र पोहायला नक्की शिकवा. आपल्या देशात दर वर्षी ३५ हजारांहून अधिक माणसं बुडून मरतात.

मी ४६ वर्षांची आहे. महेश्वरच्या घाटावर आम्ही बायका साडीसकट डुबकी मारतो आणि पायरीवर बसतो. खरंखुरं पोहावंसं वाटतं, लाज वाटते.

अहिल्याबाईंच्या गावी लाज कसली! आधी तरण तलावात बायकांच्या तुकडीत तीन महिने शिका. मग चार मैत्रिणी मिळून पहाटे जा, नावाड्याला सोबत घ्या, सहस्रधारेच्या खडकांपासून लांब राहा. साडी पायांत गुंडाळते, ती नको. अंगाबरोबरचे कपडे घाला. तुम्ही चौघी उतरलात की पाचवी आपणहून विचारायला येईल.

सिरपूर तलावात पोहायला परवानगी का मागू नये?

तो पक्ष्यांचा तलाव आहे, २०२२ पासून रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत आहे. काठावर शांत बसलात तरी मनाला मिळायचं ते मिळतं.

आमच्या कॉलनीत पंचवीस-तीस तरुण जुनी बावडी साफ करायला तयार आहेत. सुरुवात कुठून करावी?

कोणालाही आधी आत उतरवू नका. वर्षानुवर्षं बंद असलेल्या विहिरीत विषारी वायू साठतो, पहिल्याला वाचवायला दुसरा उतरतो आणि दोघेही जातात. गाळ काढायचं काम जाणकारांकडूनच करून घ्या. मोटारीच्या वायरी काढा, गटाराचं पाणी कुठून झिरपतं ते शोधा. ते थांबलं नाही तर बाकी मेहनत पाण्यात.

वयस्कर माणसं नारूची आठवण काढतील, तर ती खरी आहे. पायऱ्यांच्या विहिरीत नारूचा रुग्ण उतरला की जंत पाण्यात सुटायचे आणि ते पाणी पिणाऱ्याला रोग व्हायचा. त्यासाठी अशा अनेक विहिरी बंद केल्या गेल्या. २००० साली भारत नारूमुक्त जाहीर झाला आणि १९७८ पासून इंदूरला पिण्याचं पाणी नर्मदेचं येतं. म्हणजे बावडीचं पाणी आता पोहण्यासाठी जपता येईल. मालकी कोणाची ते तपासा आणि महापालिकेची लेखी परवानगी घ्या. निर्माल्य आणि मूर्ती टाकू नका, खोली रंगाने पायरीवर लिहा, दोर आणि हवा भरलेली ट्यूब कायम टांगून ठेवा.

मग पाणी तपासा. स्नानाच्या पाण्यासाठी केंद्रीय प्रदूषण मंडळाचा निकष आहे: १०० मिलिलिटरमध्ये विष्ठेतले कोलिफॉर्म जंतू ५०० पर्यंत असावेत, २,५०० च्या वर कधीच नाही. विरघळलेला ऑक्सिजन लिटरला किमान ५ मिलिग्रॅम हवा. नमुना निर्जंतुक बाटलीत घ्या, बर्फात ठेवा आणि त्याच दिवशी प्रयोगशाळेत पोचवा. अहवाल आला की मला पाठवा, पुढचं मिळून ठरवू.