न्यूमेरिकल मॉडेलिंग : सांख्यिकी की संख्यात्मक?

आर्वीकडच्या एका ताईंनी विचारलंय : भाऊ इंजिनिअरिंगला आहे, त्याचा प्रकल्प 'फेराइटवरच्या पॅच अँटेनाचं न्यूमेरिकल मॉडेलिंग' (फेराइट म्हणजे लोहाच्या ऑक्साइडचा चुंबकीय पदार्थ, पॅच अँटेना म्हणजे बोर्डवर बसवलेली धातूची चपटी पट्टी). गावच्या वाचनालयाच्या अंकात त्याची ओळख द्यायची आहे. कुणी 'सांख्यिकी प्रतिकृती' सुचवलं, ते चालेल का?

नाही चालणार, ताई. सांख्यिकी म्हणजे स्टॅटिस्टिक्स : कपाशीचा एकरी उतारा, पावसाच्या नोंदी, त्यांची सरासरी. तुमच्या भावाकडे नोंदी नाहीतच. मॅक्सवेलची, म्हणजे वीज आणि चुंबकत्वाचे नियम सांगणारी, समीकरणं आहेत, ती आकडे घालून सोडवायची आहेत. त्याला 'संख्यात्मक' म्हणा. प्रतिकृती तर पुठ्ठ्याच्या देवळाला म्हणतात. इथे हाताला लागेल असं काहीच नाही, म्हणून 'प्रतिमान'. वरुडकडच्या एका मित्रानं 'मोजणी' सुचवलं होतं, पण मोजणी म्हटली की गावातले लोक धुऱ्यावरचे दगड बघायला निघतील!

आकडे का घालावे लागतात, तेही लिहा. एफआर-४ या साध्या सर्किट बोर्डवर पॅचची लांबी कागदावरच निघते, साधारण अर्धी तरंगलांबी. २.४ गिगाहर्ट्झला ती हवेत ६.२५ सेंमी, बोर्डवर जेमतेम ३ सेंमी. फेराइटसारख्या चुंबकीय पदार्थात पार्यता, म्हणजे पर्मिअबिलिटी, हीसुद्धा तरंगलांबी घटवते, त्यामुळे पॅच आणखी लहान करता येतो. खरी गंमत पुढे आहे. फेराइटला बाहेरून चुंबक लावला की पार्यता हा एक आकडा उरत नाही; दिशेगणिक वेगळी, नऊ खान्यांचा तक्ताच होतो. चुंबकाचा जोर कमी-जास्त केला की अँटेनाची फ्रीक्वेन्सीही सरकते. अशा वेळी सरळ सूत्र कामाला येत नाही. मग अँटेना आणि भोवतालच्या जागेचे तरंगलांबीच्या दहाव्या-विसाव्या हिश्श्याएवढे वाफे पाडायचे आणि या वाफ्यातून शेजारच्या वाफ्यात काय उतरलं, याचा हिशोब क्षणाक्षणानं पुढे न्यायचा. या कामाच्या अनेक रीतींपैकी ही एक, केन यी यांनी १९६६ मध्ये मांडलेली. सगळी आकडेमोडच, सरासरी कुठेच नाही.

तेव्हा शीर्षक द्या : 'फेराइटवरील पॅच अँटेनाचं संख्यात्मक प्रतिमान'. पॅचचं 'ठिगळ' करू नका, उगाच हसतील. आणि पार्यता पहिल्यांदा आली की शेजारी पर्मिअबिलिटी लिहा. पुढे नुसती पार्यता पुरे.