सोमवारी सकाळी कोर्टहाउसमध्ये

वाचकांचे प्रश्न, डॉक्टरांची उत्तरे

प्रश्न : डॉक्टरताई, सहा महिन्यांपूर्वी आम्ही न्यू जर्सीहून पश्चिम कॅन्ससमधल्या एका छोट्या गावात आलो. नवरा इथल्या रुग्णालयात नोकरीला आहे. टीव्हीवर लागतात त्या विचिटाच्या बातम्या, म्हणजे चार तास लांबच्या. आमच्या गावात कसली साथ आहे, कुठला रस्ता बंद आहे, दवाखान्याची वेळ का बदलली, काही म्हणजे काही कळत नाही. शेजारच्या बाईंना विचारलं की त्या म्हणतात, "कमिशनमध्ये झालं की ते." हे कमिशन काय प्रकरण आहे? करोनाच्या वेळी तुम्ही तिकडेच होतात. तेव्हा तुम्हाला कसं कळायचं? आणि आपण व्हिसावरची माणसं, आपल्याला तिथे जाता येतं का?

उत्तर : तुझं पत्र वाचलं आणि मला माझा पहिला हिवाळा आठवला. मी मूळची कराडची. परदेशी डॉक्टरांनी डॉक्टर नसलेल्या भागात तीन वर्षं काम केलं तर इथे राहता येतं, त्या सवलतीवर मी आले. तीन वर्षांची वीस झाली. पण पहिली कितीतरी वर्षं माझीही गत तुझ्यासारखीच होती. दवाखाना ते घर, घर ते दवाखाना. काउंटी म्हणजे गाडीचा टॅक्स भरायची जागा, एवढंच मला माहीत होतं.

आधी कमिशनचं सांगते. आपल्याकडे जिल्हाधिकारी सरकार नेमतं आणि जिल्हा परिषद लोक निवडतात. इथे काउंटीला, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या विभागाला, नेमलेला जिल्हाधिकारी नाही. कॅन्ससमध्ये १०५ काउंट्या आहेत आणि बहुतेक ग्रामीण काउंट्यांचा कारभार तीन किंवा पाच निवडून आलेले कमिशनर चालवतात. कुणी गहू पिकवतो, कुणाचं फीडलॉट म्हणजे गुरं पोसायचा तळ असतो, कुणी निवृत्त शिक्षिका असते. रस्ते, पूल, अँब्युलन्स, अंदाजपत्रक सगळं त्यांच्याकडे. आणि ज्याच्यामुळे माझी झोप उडाली ती गोष्ट अशी की हेच कमिशनर काउंटीचं आरोग्य मंडळही असतात. साथीत काय करायचं, हे ठरवणारी माणसं हीच.

हे मला कधी कळलं ते सांगते. ३ जुलै २०२० पासून गव्हर्नर लॉरा केली यांचा मास्कचा आदेश राज्यभर लागू झाला. पण त्याआधीच झालेल्या कायद्याने काउंट्यांना तो आदेश नाकारायची मुभा दिली होती. सोमवारी, ६ जुलैला, आमच्या कमिशनने तो नाकारला. मला ते कळलं गुरुवारी. गव्हाची कापणी ऐन भरात होती. एक शेतकरी थेट शेतातून रक्तदाब दाखवायला आला, टोपीवर भुसा तसाच. मी त्याच्यापुढे मास्क धरला तर तो शांतपणे म्हणाला, "डॉक्टर, सोमवारीच ठरलं ना, आता लागत नाही. एलिव्हेटरवर सगळ्यांना माहीत आहे." एलिव्हेटर म्हणजे धान्याची ती उंच पांढरी कोठारं. कापणीच्या दिवसांत ट्रक तोलायला अख्खा गाव तिथे जातो. गावातल्या दोन डॉक्टरांपैकी एक मी, आणि साथीतला सर्वांत मोठा निर्णय मला तीन दिवसांनी एका रुग्णाकडून कळला. तो ठराव झाला तेव्हा मी दोन चौक पलीकडे रुग्ण तपासत होते. मी तिथे असते तर मतं फिरलीच असती, असं नाही म्हणत. पण त्या खोलीत रुग्णालयाच्या बाजूने बोलणारं एकही माणूस नव्हतं, ही रुखरुख माझ्या मनातून आजही गेलेली नाही.

पुढे त्या उन्हाळ्याचा हिशोब मांडला गेला. ऑगस्टपर्यंत १०५ पैकी २४ काउंट्यांत मास्कचा नियम होता, ८१ मध्ये नव्हता. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने नोव्हेंबर २०२० मध्ये छापलेल्या अहवालानुसार, त्या २४ काउंट्यांत रुग्णांचं प्रमाण ६ टक्क्यांनी उतरलं, तर ८१ काउंट्यांत ते दुप्पट झालं. म्हणजे कोर्टहाउसच्या, म्हणजे जिथे कमिशन बसतं त्या काउंटीच्या कचेरीच्या, खोलीतल्या दोन-तीन मतांची किंमत किती, ते बघ.

जुलैतल्या त्या गुरुवारनंतरच्या सोमवारपासून मी कमिशनच्या बैठकांना जायला लागले. दवाखाना दहाला उघडायचा, बैठक साडेआठची. कोर्टहाउसच्या तळमजल्यावर एक लांबट खोली, भिंतीवर काउंटीचा चौकोनाचौकोनांचा नकाशा, मागे पाच-सहा घडीच्या खुर्च्या, एका कोपऱ्यात कॉफीचं भांडं. विषयपत्रिका एका पानाची. त्या दिवशी करोनाचा विषय रस्त्यावरच्या खडीच्या खरेदीनंतर आणि तण-नियंत्रण खात्याच्या आधी होता. हो, इथे तणासाठी काउंटीचं स्वतंत्र खातं असतं! खडीवर पाऊण तास चर्चा झाली, साथीवर नऊ मिनिटं. मला राग आला नाही. खडी त्यांना रोज दिसते. रुग्णालयात काय चाललंय ते कुणी जाऊन सांगितल्याशिवाय त्यांना दिसणार कसं?

मला बोलायला तीन मिनिटं मिळाली. मी आलेख नेला नाही. मी म्हटलं, आपल्याकडे २५ खाटा आहेत, श्वासाचं यंत्र एक आहे, आणि तेसुद्धा रुग्णाला मोठ्या रुग्णालयात हलवेपर्यंत वापरायचं. तिकडे जागा नसेल तर आपण काय करायचं? कुणी उत्तर दिलं नाही, पण एका कमिशनरने ते कागदावर टिपून घेतलं. नोव्हेंबरात तेच झालं. आमच्या नर्सेस विचिटा, डेन्व्हर, ओमाहा असे फोन लावत बसायच्या, आणि खाट मिळेपर्यंत रुग्ण आमच्याकडेच थांबायचा. त्या महिन्यात आमच्या कमिशनने मास्कचा ठराव केला, दोन विरुद्ध एक.

आता तुझा मुख्य प्रश्न. जाता येतं. निःसंकोच जा. मत द्यायला नागरिकत्व लागतं, बैठकीत बसायला नाही. कॅन्ससच्या खुल्या बैठकांच्या कायद्याप्रमाणे कुणीही मागणी केली तर बैठकीची सूचना त्याला द्यावी लागते. तेव्हा काउंटी क्लार्कच्या खिडकीशी जाऊन लेखी सांग की मला सूचना पाठवत जा. विषयपत्रिका तयार केली असेल तर मागितल्यावर तीही मिळते. बोलू देणं मात्र त्यांच्या मर्जीवर आहे, कायद्याने तो हक्क नाही. बहुतेक ठिकाणी बोलू देतात, आधी क्लार्ककडे नाव नोंदव. कधी ते दार बंद करून बसतात, तेव्हा बाहेर थांब. बंद दाराआड बंधनकारक निर्णय घेता येत नाही, दार उघडल्यावर पुन्हा सगळ्यांसमोर घ्यावा लागतो. तो ऐकल्याशिवाय घरी जाऊ नकोस.

बातमीसाठी दुसरं ठिकाण म्हणजे तुमच्या काउंटीचं अधिकृत वृत्तपत्र. कमिशन दरवर्षी एक वृत्तपत्र ठरवतं आणि कायदेशीर नोटिसा त्यात येतात. तुमच्याकडे साप्ताहिक अजून निघत असेल तर आजच वर्गणी भर. २००५ ते २०२२ या काळात अमेरिकेत अडीच हजारांहून जास्त वृत्तपत्रं बंद पडली, त्यात बहुतेक अशीच गावची साप्ताहिकं होती. साप्ताहिक गेलं की त्या पाच-सहा खुर्च्यांवर वहीपेन घेऊन बसणारं कुणी उरत नाही.

आणि कान उघडे ठेव. जानेवारी २०२१ मध्ये लस आली तेव्हाची गोष्ट. फायझरची लस सुरुवातीला एका खेपेला कमीत कमी ९७५ डोस अशी यायची आणि तिला उणे ७० अंशांची थंडी लागायची. आमच्यासारख्या काउंटीला ते झेपणारं नव्हतं. मॉडर्ना शंभराच्या खेपेने यायची, म्हणून आमच्याकडे तीच. जत्रेच्या मैदानावरच्या हॉलमध्ये, जिथे एरवी पोरं आपापली डुकरं आणि कोंबड्या दाखवायला आणतात, तिथे टेबलं मांडली होती. कुपीत दहा डोस, आणि एकदा सुई टोचली की तेव्हाच्या नियमाने सहा तासांत संपवायचे. संध्याकाळी पाचला चार डोस उरले. काउंटीच्या नर्सने वेबसाइटवर काही टाकलं नाही. तिने तीन फोन केले. एक लुथेरन चर्चच्या बाईंना, एक एलिव्हेटरच्या मॅनेजरला, एक शाळेच्या बसचालकाला. वीस मिनिटांत चार माणसं दारात. एक तर दूध काढता काढता हातपाय न धुता आला होता. त्या तीन फोनांच्या यादीत तुझं घर असायला हवं. काउंटीच्या आरोग्य खात्यात जा, नर्सला नाव-नंबर दे, आणि जाताना थोड्या चकल्या ने. माझ्या बाबतीत तरी चकल्यांनी फार काम केलंय.

एक सावधगिरीची गोष्ट. साथीचे आकडे दर लाखामागे देतात. तुमची वस्ती अडीच हजार असेल तर एक रुग्ण म्हणजे लाखामागे ४०, आणि पाच जणांचं एक कुटुंब आजारी पडलं की थेट २००. नकाशावर काउंटी लालभडक दिसते. म्हणून दराबरोबर नुसता आकडाही विचारायचा, आणि रुग्ण एका घरातले की वेगवेगळ्या, हेही. पण याचा उलटा अर्थ काढू नकोस. जेमतेम २,७०० वस्तीची पश्चिम कॅन्ससमधली गोव्ह काउंटी २०२० च्या अखेरीस मृत्यूच्या दरात अख्ख्या देशात सर्वांत वर होती. आकडा लहान म्हणून दुःख लहान नव्हतं. अशा जागी गेलेलं प्रत्येक माणूस सगळ्यांच्या ओळखीचं असतं.

प्रश्न : आमच्या काउंटीने करोनाच्या पैशातून अँब्युलन्स घेतली आणि उरलेला पैसा रस्त्यावर घातला. रस्त्याचा आणि करोनाचा काय संबंध? हा गैरव्यवहार नाही का? (नेब्रास्का)

उत्तर : तेवढ्यावरून गैरव्यवहार म्हणता येणार नाही. मार्च २०२१ च्या केंद्रीय कायद्याने देशातल्या काउंट्यांना लोकसंख्येच्या प्रमाणात ६५.१ अब्ज डॉलर दिले. अडीच हजार वस्तीच्या काउंटीच्या वाट्याला साधारण पाच लाख डॉलर येतात. पुढे नियम असा झाला की एक कोटी डॉलरपर्यंतची रक्कम 'बुडालेला महसूल' म्हणून धरता येते आणि सरकारी सेवांवर खर्च करता येते. त्यात रस्ताही बसतो. कोणत्या कामाला पैसा द्यायचा ते ३१ डिसेंबर २०२४ पर्यंत पक्कं करायचं होतं, आणि प्रत्यक्ष खर्चाची मुदत ३१ डिसेंबर २०२६. क्लार्ककडे त्या ठरावाचं इतिवृत्त मागा. कुणी सुचवलं, निविदा किती आल्या, कुणी विरोध केला, हे त्यात दिसेल. त्यानंतरही शंका उरली तर ती बैठकीत जाऊन विचारा.

प्रश्न : माझी मुलगी नैऋत्य कॅन्ससमध्ये असते. नात दहा महिन्यांची, नुकतीच आमच्याकडे नाशिकला येऊन गेली. इथे तिला नवव्या महिन्यात गोवराची लस दिली. तिकडची काउंटीची नर्स म्हणते, ती धरायची नाही, पुन्हा घ्या. आमची लस खोटी का?

उत्तर : काकू, लस अगदी खरी आहे आणि दिलीत ते उत्तम केलंत. आपल्याकडे लहान बाळांना गोवराचा धोका जास्त म्हणून पहिला डोस नवव्या महिन्यात देतात. अमेरिकेत तो १२ ते १५ महिन्यांत आणि दुसरा ४ ते ६ वर्षांत. वर्षाच्या आत दिलेला डोस बाळाला आत्ता संरक्षण देतो, पण आईकडून आलेल्या प्रतिकारशक्तीमुळे त्याचा परिणाम तितका पक्का टिकत नाही, म्हणून इथे तो मोजणीत धरत नाहीत. परदेशी जाणाऱ्या बाळांना इथेही सहाव्या महिन्यापासून तो जादा डोस देतातच. नातीला पहिल्या वाढदिवसानंतर एक आणि पुढे एक, असे दोन डोस लागतील.

यात चालढकल नको. २०२५ मध्ये पश्चिम टेक्सासच्या गेन्स काउंटीतून गोवर पसरला. त्या साथीत टेक्सासमध्ये ७६२ जणांना लागण झाली, शाळेच्या वयाची दोन मुलं दगावली. त्याच वर्षी नैऋत्य कॅन्ससमधल्या काही काउंट्यांतही गोवर आला होता. तुमची मुलगी त्याच भागात आहे. तेव्हा तिने साथीची बातमी टीव्हीवर शोधण्यापेक्षा त्याच नर्सला महिन्यातून एकदा फोन करावा. ती नर्स वैरी नाही, जपणारी बाई दिसते.

नाशिकचं माता-बाल संरक्षण कार्ड मुलीकडे पाठवा, मूळ कार्ड, फोटो नको. त्यावरून ती नर्स बाकीच्या लशी राज्याच्या नोंदवहीत चढवेल. एक गोष्ट न विसरता करा. आपल्या कार्डावर दिवस आधी लिहितात, इथे महिना आधी. ५/८ म्हणजे आपली पाच ऑगस्ट, त्यांची आठ मे. या घोळात माझ्याकडे एका बाळाला दिलेले दोन डोस पुन्हा द्यावे लागले होते. तेव्हा प्रत्येक तारखेशेजारी पेनने महिन्याचं नाव अक्षरात लिहा आणि दवाखान्याचा शिक्का घेऊन मगच पाकीट बंद करा.