‘मध्यप्रांत व वऱ्हाड’मधला ‘व’

प्रश्न असा आहे: अकोल्याच्या आजोबांच्या १९४१ सालच्या दाखल्यावर ‘मध्यप्रांत व वऱ्हाड’ असं छापलंय आणि रत्नागिरीच्या आजोळच्या कागदांवर ‘मुंबई इलाखा’. एकीकडे प्रांत, दुसरीकडे इलाखा, असं का? आणि वऱ्हाड मध्यप्रांतातच होता ना, मग मधे ‘व’ कशाला?

इलाख्याचं आधी उरकतो. शब्द मूळचा अरबी, अर्थ संबंध. जुन्या मराठीत ‘या बाबीशी आमचा इलाखा नाही’ असं सहज लिहीत. त्यावरून अंमल, अधिकारक्षेत्र हा अर्थ आला. मुंबई, मद्रास आणि बंगाल ही कंपनीच्या वखारींतून वाढलेली तीन राज्यं; तिथला कारभार प्रेसिडेंट आणि त्याचं कौन्सिल बघे. त्या ‘प्रेसिडेन्सी’ला मराठीनं इलाखा म्हटलं. प्रांत का नाही? माझा तर्क असा की तो शब्द आपल्याकडे आधीच कामाला लागला होता, आणि लहान मुलखासाठी. जिल्ह्याचा काही तालुक्यांचा तुकडा म्हणजे प्रांत, त्यावरचा अधिकारी प्रांतसाहेब. कोकणात आणि देशावर आजही ‘प्रांताकडे अपील केलंय’ म्हणतात. विदर्भात त्याच माणसाला एसडीओ (उपविभागीय अधिकारी) म्हणतात.

हा फरक उगाच नाही. भोसल्यांचं नागपूर राज्य तिसरे रघूजी वारल्यावर खालसा झालं आणि १८६१ साली त्याला सागर-नर्मदेचा मुलूख जोडून मध्यप्रांत तयार झाला. तिथे गव्हर्नर नाही, चीफ कमिशनर. जिल्ह्यावर कलेक्टर नाही, डेप्युटी कमिशनर. कारभार निराळा, म्हणून बोलीही निराळी. मालगुजारीचंच घ्या. मध्यप्रांतात सारा वसूल करणारा मालगुजार गावाचा मालक ठरला. ती पद्धत १९५१ साली गेली, तरी भंडारा-गोंदियाकडे त्यांचे तलाव अजून ‘मामा तलाव’ म्हणून ओळखले जातात. हा मामा नात्यातला नव्हे, ‘माजी मालगुजारी’तला आहे! वऱ्हाडात मात्र मुंबईसारखी रयतवारी होती, म्हणजे सारा थेट शेतकऱ्याकडून. एका सरकारखाली दोन महसूल कायदे.

आणि इथेच तुमचा ‘व’ येतो. तो नुसतं उभयान्वयी अव्यय नाही, वकिलानं घातलेला आहे.

वऱ्हाड इंग्रजांनी कधी खालसा केलाच नाही. भोसले आणि निजाम दोघांचा वाटा असलेली तिथली दुअमली १८०३ साली मोडली. अडगाव आणि गाविलगड इथे भोसल्यांचा पराभव झाला, देवगावचा तह झाला आणि वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख निजामाच्या पदरात पडला. (अबुल फजल वऱ्हाडचं जुनं नाव ‘वरदातट’ देतो, म्हणजे वर्धेचा काठ. हा नदीशी जुळणारा अर्थ मला लग्नाच्या वऱ्हाडाशी जोडलेल्या गोष्टींपेक्षा बरा वाटतो.) पुढे निजामाच्या नावानं पोसलेल्या, पण इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीतल्या ‘हैदराबाद कंटिंजंट’ फौजेचा खर्च थकला आणि १८५३ साली कंपनीनं त्यापोटी वऱ्हाड, धाराशिव आणि रायचूर दुआब आपल्या ताब्यात घेतले. १८६० साली धाराशिव आणि रायचूर परत केले. वऱ्हाड ठेवला. ‘वऱ्हाड, सोन्याची कुऱ्हाड’ हे निजामाला आणि इंग्रजांना, दोघांनाही कळत होतं.

पण ताबा म्हणजे मालकी नव्हे. कागदोपत्री मालक निजामच. १९०२ साली व्हाइसरॉय कर्झननं सहाव्या निजामाकडून वर्षाला २५ लाख रुपयांवर वऱ्हाडचा कायमचा पट्टा करून घेतला आणि पुढच्या वर्षी कारभार नागपूरच्या चीफ कमिशनरकडे सोपवला. तरी तो मुलूख कायद्यानं ‘ब्रिटिश हिंदुस्थान’ नव्हताच. मध्यप्रांताचा कायदा तिथे आपोआप चालत नसे, वेगळा लागू करावा लागे. प्रांताच्या कायदे कौन्सिलात वऱ्हाडचे प्रतिनिधी निवडून यायचे, पण निवडून आल्यावर रीतसर ‘नेमले’ जायचे, कारण परक्या राजाच्या मुलखातून थेट निवडून येणं कायद्यात बसत नव्हतं. सातव्या निजामानं १९२३ साली वऱ्हाड परत मागितला. व्हाइसरॉय रीडिंगनं १९२६ साली, सार्वभौम सत्ता कोणाची आहे ते बजावणारं खरमरीत उत्तर पाठवलं.

शेवटी तोडगा निघाला तो नावातच. १९३५च्या कायद्यानं दोन्ही मुलूख एकाच गव्हर्नरचा प्रांत ‘मानले’, ‘केले’ नाहीत. १९३६च्या करारात निजामाचं स्वामित्व मान्य झालं, त्याच्या पदवीत ‘हैदराबाद व वऱ्हाड’ आलं आणि युवराजाला ‘प्रिन्स ऑफ बेरार’ म्हणू लागले. म्हणजे वऱ्हाडनं एकाच वेळी दोन ‘व’ सांभाळले, एक नागपूरच्या बाजूनं आणि एक हैदराबादच्या. सत्ता अर्थात पहिल्याकडेच.

‘बेरार’ हे फारसी वळणाचं रूप, इंग्रजीनं तेच उचललं. नागपुरात शाळा-कॉलेजांच्या नावांत ‘सी. पी. अँड बेरार’ अजून टिकून आहे. आणि एक सांगून ठेवतो: पुण्या-मुंबईकडे सरसकट साऱ्या विदर्भाला वऱ्हाड म्हणतात, पण नागपूरकराला वऱ्हाडी म्हणून बघा. वर्धा नदी किती खोल आहे ते कळेल.

घराण्याचा इतिहास लिहीत असाल तर सालाप्रमाणे नाव बदला. अकोल्यात १९०३च्या आधी जन्मलेला माणूस मध्यप्रांतातला नव्हे. त्याच्या वेळी सरकारी इंग्रजीत हा मुलूख ‘हैदराबाद असाइन्ड डिस्ट्रिक्ट्स’ होता, मराठीत नुसता वऱ्हाड. आजोबांच्या दाखल्यावरचं नाव त्या सालासाठी अगदी बरोबर आहे. १९५०पासून ‘मध्यप्रदेश’ लिहायचं, राजधानी नागपूरच. १ नोव्हेंबर १९५६ रोजी आठ मराठी जिल्हे द्वैभाषिक मुंबई राज्यात आले आणि अकोला व रत्नागिरी पहिल्यांदाच एका राज्यात आले. तोवर इलाखा हा शब्द सरकारी कागदांतून गेला होता.